पांदणीवरची पोर्शे : मागचं इंजिन आणि चारही चाकांचा जोर

(अमरावती आणि अकोला इथे याच विषयावर झालेल्या दोन व्याख्यानांचं एकत्र शब्दांकन. बोलण्याचा बाज ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



फलकावरचा विषय वाचून एका जुन्या विद्यार्थ्याने दारातच विचारलं, "सर, सांख्य-वेदान्त सोडून गॅरेजात कसे काय शिरले?" बरोबर विचारलं त्याने. मागे इंजिन आणि चारही चाकांना जोर, हा काही तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरचा विषय दिसत नाही. पण मी यंत्रशास्त्र शिकवायला उभा नाही. ते शिकवणारे माझ्यापेक्षा जाणते लोक या शहरात आहेत, काही समोरच बसलेत. मला समीक्षा करायची आहे. कवीने अमुक शब्द इथेच का ठेवला, असं आपण कवितेला विचारतो. गाडीतलं इंजिनही कुणीतरी ठरवून एका जागी ठेवलेलं असतं. ते तिथेच का ठेवलं, कुणाची सोय डोळ्यापुढे होती आणि कुणाची गैरसोय चालेल असं गृहीत धरलं होतं, हे विचारता येतं. आज तेवढंच विचारू.

'मिलिंदप्रश्न' आपल्या या मालिकेत पूर्वी येऊन गेलाय. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? एकेक भाग नाकारत शेवटी असं निघतं की 'रथ' हे भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेलं नाव. ठीक आहे. पण वर्गात हे शिकवताना मला दरवेळी एक गोष्ट खटकायची. भाग तेच, नाव तेच, आणि जुळणी वेगळी असली की एक गाडी चिखलातून निघते, दुसरी फसते. नागसेनाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं, त्याला आत्म्याबद्दल बोलायचं होतं. आपल्याला आहे. वैशेषिक दर्शनात प्रशस्तपादांनी चोवीस गुण सांगितले, त्यांत 'गुरुत्व' आहे आणि 'संयोग'ही आहे. गुरुत्व म्हणजे जडपणा, ज्याच्यामुळे वस्तू खाली पडते ते. संयोग म्हणजे दोन वस्तूंची गाठ. गाडीची रचना समजून घ्यायला एवढे दोन शब्द पुरतात. जडपणा कुठल्या चाकांवर पडतो, आणि इंजिनाचा जोर कुठल्या चाकांच्या वाटेने जमिनीला जाऊन मिळतो.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आधी पक्कं करू. 'मागचं इंजिन' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, कारण इंजिन म्हणजे मोठं वजन. 'फोर बाय फोर' हे दुसऱ्याचं. जाहिरातीत दोन्हींना मिळून एकच शब्द लावतात: ताकद. तो चुकीचा शब्द आहे. चारही चाकांना जोर दिला म्हणून इंजिनाची ताकद कणभर वाढत नाही. उलट जास्तीचे दांडे, जास्तीचे गिअर फिरवण्यात थोडी खर्चच होते. वाढते ती जमिनीवरची पकड वापरायची संधी.

आपल्याकडे बंडी हाकणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. बंडीत कडबा मागच्या अंगाला जास्त भरला की ती उलाळ होते. मागे बसते, धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून उठायला बघतं. मग धुरकरी पुढे सरकून बसतो, किंवा एक पोरगं पुढे बसवतो. पुढे जास्त भरली तर बैलांच्या मानेवर ओझं येतं आणि दोन कोसांत ती थकतात. म्हणजे वजनाची जागा हा धुरकऱ्याचा रोजचा प्रश्न होता. 'उलाळ' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. मागे इंजिन असलेली प्रत्येक गाडी थोडी उलाळच असते.

आता थोडा हिशेब. आकडे मी सोयीसाठी धरतोय, कुठल्या कंपनीचे नाहीत. हजार किलोची रिकामी गाडी घ्या. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. रिकामी असताना तिच्या मागच्या चाकांवर धरा चारशे किलो. ओल्या मातीवर टायरची पकड, समजा, वजनाच्या तीन दशांश. म्हणजे मागची चाकं जास्तीत जास्त एकशेवीस किलोचा रेटा देऊ शकतात. त्यापुढे ती जागच्या जागी फिरणार, इंजिन शंभर घोड्यांचं असो की दहा. आणि चिखलातून गाडी नुसती पुढे सरकायला वजनाच्या दीड दशांश, म्हणजे दीडशे किलोचा रेटा लागतो असं धरा. एकशेवीस आणि दीडशे. गाडी फसली. गंमत म्हणजे हिच्याच मागच्या भागात माल भरा, मागच्या चाकांवर वजन येतं आणि ती निघते. भरलेली निघते, रिकामी फसते. छोटा हत्ती चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता तेच इंजिन उचलून मागे ठेवा. मागे सहाशे किलो आले. रेटा एकशेऐंशी, गरज दीडशे. निघाली! चार चाकांच्या जोराची गरजच पडली नाही. पण वाटेत नाल्याचा काठ आला, शंभराला पाच असा साधा चढ. त्यासाठी आणखी पन्नास किलो हवेत. गरज दोनशे झाली, रेटा एकशेऐंशी. फसली. इथे चारही चाकांना जोर दिला तर हजारच्या हजार किलो कामाला लागतात, रेटा तीनशे. निघाली. मागच्या इंजिनाने पहिलं दार उघडलं, चार चाकांनी दुसरं.

आणि तिसरं दार उघडत नाही, तेही सांगतो. आपली काळी माती साधी माती नाही. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर सोडियममुळे ती जास्तच चिवट होते. हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. ही माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत मातीचा गोळा होऊन बसतो. पकड तीन दशांशावरून, समजा, एक दशांशावर आली. हजार किलोंची सगळी चाकं मिळून शंभर किलोचा रेटा. गरज दीडशे. फसली, आणि आता चारही चाकांनी फसली. एका ट्रॅक्टरवाल्याने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "सर, चारी चाकं फिरतेत, पन गाडी जागची हालत नाई." माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा नेमकं.

म्हणजे ही रचना सर्वत्र विजयी वगैरे नाही. तिची एक ठराविक जागा आहे: पकड अगदी गेलेली नाही, पण कमी आहे, आणि वजन वाया घालवणं परवडत नाही. आता या रचनेत जगाने काय काय घडवलं ते पाहू. सगळी उदाहरणं घेत नाही, ज्यांच्याबद्दल मत द्यावंसं वाटतं तेवढीच.

पहिलं युद्धातलं. जर्मनीत १९४२ ते १९४४ दरम्यान फोक्सवॅगनची श्विमवॅगन नावाची गाडी झाली, जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी. इंजिन मागे, चारही चाकांना जोर. पण हा जोर रस्त्यावर नेहमी नसे, पहिल्या गिअरमध्येच जोडता येई. नदीतून काठावर चढताना हवा, मग नको. हुशार निर्णय आहे. ती कुणासाठी आणि कशासाठी बांधली, हेही समीक्षेत मांडावं लागतं: हिटलरच्या सैन्यासाठी. रचना निरागस असते असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

दुसरं, या प्रकारातलं मला सर्वांत आवडणारं. ऑस्ट्रियातल्या स्टायर-पूख कंपनीची हाफ्लिंगर. १९५९ ते १९७४. नाव तिथल्या डोंगरी घोड्याच्या जातीचं. एरिख लेडविंका यांनी ती बेतली. त्यांचे वडील हान्स लेडविंका यांनी चेक कंपनी टाट्रासाठी मागच्या इंजिनाच्या प्रसिद्ध गाड्या केल्या होत्या, म्हणजे घरातच ती विद्या. हाफ्लिंगरचं इंजिन दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, साडेसहाशे सीसीच्याही आतलं. गाडीचं वजन सहाशे किलोंच्या आसपास. आपल्या नॅनोएवढी झाली! ड्रायव्हर अगदी पुढे, पुढच्या चाकांवर. इंजिन अगदी मागे. मधे माल. बघा हं, ड्रायव्हरचं वजन पुढे, इंजिनाचं मागे, मालाचं दोघांच्या मधे. भरली काय, रिकामी काय, चारही चाकांवर बऱ्यापैकी वजन राहतं, म्हणून चारही चाकांना दिलेला जोर वाया जात नाही. आसांवर कुलूप होतं. एक चाक हवेत लटकलं तर फिरण्याचा सगळा जोर त्याच्याकडे निघून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजू एकत्र बांधता येत. इथे मागचं इंजिन आणि चार चाकं एकाच गरजेतून आली. एक निर्णय दुसऱ्याची डागडुजी करत नाही.

डागडुजीचं उदाहरण म्हणजे पोर्शे. रागावू नका, पोर्शेप्रेमी इथेही असतील. १९६३ साली ९११ ही गाडी लोकांसमोर आली, इंजिन मागच्या आसाच्याही मागे. वेगाने वळण घेताना ड्रायव्हर घाबरून एकदम पाय काढतो, वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागे लटकलेलं इंजिन शेपटीसारखं बाहेर फेकलं जातं. उलाळ बंडी वेगात वळवल्यासारखं. पोर्शेने इंजिन हलवायचं नाकारलं आणि पुढची पंचवीस वर्षं त्या हट्टावर भाष्य लिहिलं. रुंद टायर, नवे सांधे, आणि शेवटी चारही चाकांना जोर. चार चाकांची ९११ नेऊन त्यांनी १९८४ ची पॅरिस-डाकार शर्यत जिंकली, १९८६ मध्ये ९५९ ने पुन्हा जिंकली, दोन्ही वेळा रने मेट्झ चालवत होते. मग १९८९ ची करेरा फोर सामान्य, म्हणजे सामान्य श्रीमंत, गिऱ्हाइकासाठी आली. तिच्यात पुढच्या चाकांना ३१ टक्के आणि मागच्यांना ६९ टक्के जोर जाई. हे प्रमाण सुंदर आहे, कारण वजन जिथे जास्त तिथे जोर जास्त. टायरच्या पकडीला एकच खिसा असतो. त्यातून पुढे ढकलायला खर्च केलं की वळायला कमी उरतं. पुढच्या चाकांनी ३१ टक्के उचलले की मागच्या टायरच्या खिशात वळणासाठी थोडं शिल्लक राहतं. म्हणजे इथे चार चाकं चिखलासाठी नाहीतच, मूळच्या अडचणीच्या निवारणासाठी आहेत. आपल्या परंपरेत असे भाष्यकार झाले आहेत, मूळ सूत्राहून भाष्य सरस. तरी सूत्र अडचणीचं होतं हे विसरू नये.

आणि आता जपान. सुबारू कंपनीची सांबर. आपल्या सांबाराशी संबंध नाही, हरणाशी आहे. १९६१ पासूनचा छोटा मालट्रक, इंजिन मागे. १९८० पासून चार चाकांच्या जोरासह मिळू लागला. अलीकडच्या सांबरचं इंजिन ६६० सीसीचं. जपानी शेतकरी भाताच्या बांधांवरून, डोंगरउतारावरच्या बागांतून ती हाकायचे. तिथल्या लोकांनी तिला टोपणनाव दिलं, त्याचा अर्थ होतो 'शेतरस्त्यावरची पोर्शे'. मी मराठी करतो: पांदणीवरची पोर्शे! त्यात विनोद आहेच, पण नेमकेपणाही आहे. पोर्शेसारखंच इंजिन मागे, म्हणून. आणि शेतकऱ्याला ते का हवं ते मघाच्या हिशेबात आलंय. रिकामी गाडी वावरात जाते आणि भरलेली बाहेर येते. जाताना फसली तर माल भरणार कशात? २०१२ मध्ये सुबारूने ही रचना बंद केली. त्याच नावाखाली आता दुसऱ्या कंपनीची पुढच्या इंजिनाची गाडी विकतात. खर्चाचं गणित, दुसरं काय.

आता घरी येऊ. आपल्याकडे काय झालं?

मागचं इंजिन आपल्याकडे ऑटोरिक्षातून आलं. बजाजने १९७७ मध्ये मागच्या इंजिनाची रिक्षा आणली. आधी इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला असायचं, त्याचे पाय भाजायचे. अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहा, इंजिन मागे असलेली वाहनं मोजता मोजता थकाल. आणि चार चाकांचा जोर आला तो जीपमधून. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढे आपल्या तालुक्या-तालुक्यांत काळीपिवळी धावू लागल्या, आकार जीपचाच, पण त्यांतल्या बहुतेकांमधून पुढच्या चाकांचा जोर काढून टाकलेला. पंधरा माणसं कोंबायची तर मागच्या चाकांवर वजन भरपूर, जोर मागेच पुरतो, आणि पैसे वाचतात. बाजाराने केलेली ही समीक्षा चुकीची म्हणता येत नाही. नंतर चार चाकं ट्रॅक्टरमधून परत आली. म्हणजे दोन्ही कल्पना वऱ्हाडात येऊन राहिल्या, एकाच गावात राहिल्या, पण एका गाडीत त्यांची गाठ पडली नाही.

गाठ पडायची शक्यता सर्वांत जवळ आली ती पुण्यात. टाटांनी २००५ मध्ये एस आणली, म्हणजे आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत नॅनो दाखवली. तिचं इंजिन ६२४ सीसी, दोन सिलिंडर, मागच्या सीटच्या मागे-खाली. जोर मागच्या चाकांना, आणि वजन मागे म्हणून मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद. सिंगूर, साणंद ही सगळी कथा तुम्हाला माहीत आहे, ती सोडतो. नॅनोत इंजिन मागे का गेलं, ते समीक्षेचं आहे. तीन मीटरच्या गाडीत चार माणसांना पाय पसरता यावेत म्हणून, आणि वळणाऱ्या पुढच्या चाकांपर्यंत जोर न्यायचे महागडे सांधे वाचावेत म्हणून. दोन्ही कारणं चोख आहेत. पण दोन्ही शहरातल्या कुटुंबाची आहेत. स्कूटरवरचे चौघे पावसात भिजतात, हे चित्र त्या गाडीमागे होतं आणि ते खरं होतं. वावरातून माल आणणारा माणूस त्या चित्रात नव्हता. ज्यांनी शहरासाठी इंजिन मागे नेलं त्यांच्याच घरी मालवाहू गाडीत ते पुढे राहिलं. जिथे रिकामेपणी मागच्या चाकांवर वजन हवं होतं, तिथे ते मिळालं नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मी पूर्ण जबाबदारीने घेतो.

यावर अभियंते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण अकोल्याला एकाने उठून म्हटलंच. मागे इंजिन ठेवलं तर मालाचा पाट उंच होतो किंवा इंजिनासाठी त्याच्याखाली जागा काढावी लागते. दुरुस्तीला माल उतरवावा लागतो. आपल्या धुळीत मागच्या इंजिनाला स्वच्छ थंड हवा मिळणं कठीण. पुढच्या चाकांपर्यंत जोर न्यायचा तर किंमत वाढते, आणि डांबरीवर वर्षाचे दहा महिने ते नुसतं ओझं. हे सगळं मान्य. त्यांचा शेवटचा मुद्दा मात्र निर्णायक होता: सर, रस्ता करा ना! चांगली पांदण असेल तर कुठलीही गाडी जाईल. हेही खरं. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना याच विचाराने आली.

पण या 'दहा महिन्यां'वर थोडं थांबू या. वर्षाचे कोणते महिने, हा प्रश्न कुणी विचारत नाही. वऱ्हाड कापसाचा मुलूख. कापूस वेचायचा तो दिवाळीच्या आगेमागे आणि नंतर, माती वाळू लागल्यावर. बंडी कापूस घेऊन निघायची तेव्हा पांदण कोरडी व्हायला आलेली असायची. जुनी व्यवस्था त्या पिकाच्या वेळापत्रकावर बेतलेली होती. गेल्या तीसेक वर्षांत आपल्या शिवारात सोयाबीन आलं, आणि ते सोंगायला येतं सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरात. म्हणजे नेमकं परतीच्या पावसात. गंजी भिजली तर दाण्याला कोंब फुटतात, भाव पडतो. आधी माल निघायचा तो कोरड्यात, आता निघतो तो गाऱ्यात. पीक बदललं, वाहनाची गरज बदलली, आणि वाहन तेच राहिलं. वर्षातले ते वीस-पंचवीस दिवस हिशेबाच्या वहीत छोटे दिसतात. शेतकऱ्याचं वर्ष त्या दिवसांवरच उभं असतं. म्हणून 'दहा महिने ओझं' हा युक्तिवाद शहराच्या कॅलेंडरवर बरोबर आणि वावराच्या कॅलेंडरवर अपुरा आहे.

मग शेतकऱ्याने काय केलं? त्याने ट्रॅक्टर घेतला. जे काम साताठशे किलोच्या गाडीने व्हावं त्याला दोन टनांचं यंत्र जुंपलं, आणि त्याचं कर्ज डोक्यावर घेतलं. फोर बाय फोर ट्रॅक्टरचा हप्ता आणखी मोठा. ट्रॅक्टरची रचना पाहिलीत तर ती आपल्या विषयाची उलटी बाजू आहे. इंजिन पुढे, पण मागची चाकं मोठी आणि वजनाचा मोठा वाटा मागेच. नांगर ओढताना तो आणखी मागे बसतो, पुढचा भाग उचलायला बघतो, म्हणून नाकावर लोखंडी वजनं लटकवतात. धुरकऱ्याने पुढे पोरगं बसवावं तसंच.

आता विजेच्या गाड्यांबद्दल, कारण तिथे आपला विषयच बदलतो. जून २०२५ मध्ये टाटांची हॅरियर ईव्ही आली. तिच्या साध्या प्रकारात मोटर मागे, जोर मागच्या चाकांना. वरच्या प्रकारात पुढे आणखी एक मोटर, ती मागचीपेक्षा कमी ताकदीची. म्हणजे मूळ मागचं, त्याला पुढची जोड. करेरा फोरचीच रीत! फरक एवढा की मागून पुढे जाणारा दांडा नाही, दोन्हींच्या मधे नुसती तार. ही कल्पना नवी समजू नका. फर्डिनांड पोर्शे यांनी तरुणपणी, १९०० च्या सुमारास, चारही चाकांत एकेक विजेची मोटर बसवलेली गाडी केली होती. बॅटरी इतकी जड होती की तो मार्ग तिथेच थांबला.

पण नागसेनाचा प्रश्न इथे पुन्हा विचारा. या गाडीत 'मागचं इंजिन' कुठे आहे? मोटर मागे आहे खरी, पण खरं वजन बॅटरीचं, आणि ती तळभर पसरलेली. गुरुत्व एकीकडे, जोराचा उगम दुसरीकडे. पेट्रोलच्या गाडीत या दोन गोष्टी इंजिनाने बांधून ठेवल्या होत्या, म्हणून आपण एकाच शब्दात दोन्ही बोलत होतो. ती गाठ सुटली. उलाळपणा गेला. आणि शेतगाडीच्या दृष्टीने सर्वांत महागडा भाग, पुढच्या आसापर्यंतचा दांडा आणि गिअरची पेटी, तोही गेला. २०२२ मध्ये एसचीही विजेची आवृत्ती आली, जोर मागच्या चाकांनाच. तिच्या पुढच्या आसावर एक छोटी मोटर बसवणं आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. मात्र बाजारात दोन मोटरी आधी मिळाल्या त्या वीस लाखांच्या वरच्या गाडीला, जिच्यातून लोक सुटीत वाळूवर जाऊन फोटो काढतील. चिखलाची गरज ज्याला रोजगाराची आहे त्याच्या आधी, ज्याला हौसेची आहे त्याला ती मिळते. महाराष्ट्रात हे तंत्र बनतं आहे, आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर. त्याचा उपयोग कुठल्या पिकाच्या कुठल्या महिन्यासाठी करायचा, हा प्रश्न पुण्यातल्या आरेखनाच्या टेबलावर कुणी नेणार आहे का? अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, काळ्या मातीचा अभ्यास त्यांच्या इतका कुणाचा असेल? गाडी घडवणारे आणि माती जाणणारे एका टेबलाशी बसावेत, ही मागणी मला फार मोठी वाटत नाही.

शेवटी श्रोत्यांतून प्रश्न आला तो बहुतेकांच्या मनातला असावा. एक काका म्हणाले, "प्रोफेसर साहेब, जपान राहू द्या. मी फोर बाय फोर ट्रॅक्टर घेऊ का नको, तेवढं सांगा."

काका, तीन गोष्टी बघा. तुमची जमीन खारपाणपट्ट्यातली चिबड असेल तर मघाचा तिसरा हिशेब आठवा. पकडच गेली तर चार चाकांनीही भागत नाही, तिथे दोन दिवस थांबणं स्वस्त पडतं. नांगरट, रोटाव्हेटर अशी जड कामं भाड्यानेही करणार असाल तर पुढच्या चाकांचा जोर पैसे वसूल करेल. नुसती ट्रॉली ओढायची असेल तर करणार नाही. आणि घेतलाच, तर डांबरी लागली की पुढच्या चाकांचा दांडा काढत जा. या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील असे गिअर मुद्दाम ठेवलेले असतात. मऊ मातीत ते चालतं, माती सरकून घेते. डांबर सरकत नाही, मग टायर घासतो. दांडा तसाच टाकून बाजाराला जाणारे ट्रॅक्टर पाहा, त्यांचे पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी गुळगुळीत झालेले दिसतील.